काठावरच्या माणसाची पाळी

रांग म्हटली की रेशनचं दुकान आठवतं, गिरणीतले दळणाचे डबे आठवतात. नमाजाच्या सफमध्येही जो आधी येतो तो पुढे उभा राहतो. तिथं हुद्दा विचारला जात नाही. आपल्या खिशातला मोबाइलही दिवसभर अशाच एका रांगेत असतो. तिथला न्याय मात्र एवढा सरळ नाही.

टॉवरकडे असलेला लहरींचा पट्टा मर्यादित असतो. त्यातला कोणता तुकडा कुणाला द्यायचा, हे फोर-जीमध्ये दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाला, ठरवावं लागतं. टॉवरजवळच्या माणसाचा सिग्नल जोरदार. सारखी त्यालाच पाळी दिली, तर एकूण काम सर्वांत जास्त होतं. पण दूर काठावरचा माणूस उपाशी राहतो. सगळ्यांना सारखा वेग द्यायचा म्हटलं, तर काठावरच्यापायी सगळेच रखडतात.

२००० सालाच्या सुमारास यातून एक मधला मार्ग निघाला. डेव्हिड त्से या संशोधकाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. या क्षणी मिळू शकणाऱ्या वेगाला त्याच माणसाच्या आतापर्यंतच्या सरासरीनं भागायचं. ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी. जवळच्याची सरासरी २० आणि आत्ताचा वेगही २०, तर उत्तर १. काठावरच्याची सरासरी २, पण या क्षणी ३ मिळू शकतात, तर उत्तर दीड. पाळी काठावरच्याची! त्याची तुलना शेजाऱ्याशी होत नाही, त्याच्या स्वतःच्याच नेहमीच्या दिवसांशी होते. मला हे फार आवडलं.

आता या रांगेला दुसरी रांग जोडली गेली आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. तरी मुंबईहून दिल्लीच्या संगणकाला विचारून उत्तर यायला, वाट अगदी सरळ धरली तरी, ११-१२ मिलिसेकंद जातातच. म्हणून संगणकच माणसाजवळ आणावा, असा विचार महादेव सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला. पण जवळचा संगणक लहान. दळण गिरणीपर्यंत पोहोचलं पाहिजे आणि गिरणीही मोकळी पाहिजे. एक मिळून दुसरं अडलं, तर पाळी वाया जाते. शिवाय बातमी शिळी होते. रस्त्यावरच्या मोटारीचा ठावठिकाणा सांगणारे दोन निरोप रांगेत असतील, तर ताजा आधी पाठवून जुना टाकून द्यावा. आधी आला तो पुढे, हा नियम इथं चालत नाही.

गणित रांग चालवतं. पण कुणाचं वजन किती, हे ते सांगत नाही. रुग्णवाहिकेतून येणारा हृदयाचा आलेख आणि क्रिकेटचा सामना एकाच टॉवरवर आले, तर आधी कोण? ते आकडे माणसंच भरतात. ते कुणी भरले, हे विचारायचा हक्क आपला आहे. या तंत्राच्या नावातल्या ‘एज’ला मराठीत काठ म्हणतात, आणि काठावर नेहमी कुणीतरी राहत असतं.