परवाना आहे, पण कोणत्या गाडीचा?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मिरचीचा हंगाम आला की आपल्या दोंडाईच्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती आणि ट्रक यांची एकच गर्दी होते. या गाड्यांवर आपल्या घरांतील मुले रोजी-रोटी कमावतात. खिशात लायसन्स असते. पण ते कोणत्या गाडीचे, असे विचारले तर कित्येकांना सांगता येत नाही. लायसन्स म्हणजे सरसकट सर्व वाहनांची मुभा नव्हे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात वाहनांचे वर्ग पाडले आहेत, आणि ज्या वर्गाची परीक्षा दिली तेवढाच वर्ग कार्डावर छापला जातो.

विनागिअरची दुचाकी हा एक वर्ग, गिअरची दुचाकी हा दुसरा, आणि ‘एलएमव्ही’ म्हणजे हलके मोटार वाहन हा तिसरा. मोटारीचे लायसन्स असले की फटफटी आपोआप आलीच, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. दुचाकीची नोंद स्वतंत्र करून घ्यावी लागते.

पालकांनो, सोळा वर्षांच्या मुलाला परवाना मिळतो असे तुम्ही ऐकले असेल. मिळतो, पण 50 सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. आज दारोदार दिसणाऱ्या स्कूटर 100 सीसीच्या वरच्या आहेत. त्यांना अठरा पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला अथवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. ज्याला पुढे ड्रायव्हर म्हणून पोट भरायचे आहे, त्याची ऐन उमेदीची सात वर्षे गेली म्हणून समजा!

आता टेम्पो आणि पिकअपवाल्यांचा प्रश्न. साध्या एलएमव्ही लायसन्सवर भाड्याची मालगाडी चालते की नाही, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे कोर्टात भांडत होत्या. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेली वाहतुकीची गाडी एलएमव्ही लायसन्सवर चालविता येते, वेगळ्या नोंदीची गरज नाही. हे एकूण वजन मालासह धरायचे आणि ते गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. ट्रॅक्टरचे मात्र रिकामे वजन धरतात. धोकादायक माल आणि ई-रिक्षा यांना ही सवलत नाही, हेही ध्यानात ठेवा.

याचे महत्त्व अपघात घडल्यावर कळते. योग्य वर्गाचे लायसन्स नसेल तर कोर्ट विमा कंपनीला भरपाई द्यायला लावते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देते. कर्ज काढून एकच गाडी घेतलेल्या घराने लाखो रुपये कोठून आणावेत? ड्रायव्हर ठेवताना ‘आपलाच पोरगा आहे’ एवढ्यावर भागवू नका; कार्ड मागून त्यावरील अक्षरे वाचा.

7,500 किलोच्या वरच्या ट्रकसाठी मात्र ‘ट्रान्सपोर्ट’ची नोंद हवी. वय वीस पूर्ण, एलएमव्ही लायसन्सला किमान एक वर्ष झालेले, आणि डॉक्टरचा दाखला. हे लायसन्स पाच वर्षांचे असते. पूर्वी त्याला आठवी पासची अट होती. 2019 साली ती काढली गेली. यावर काही मुले लगेच म्हणतील, ‘सर, मग शाळा कशाला?’ बाबांनो, शिकाऊ लायसन्सची परीक्षा प्रश्न वाचूनच द्यावी लागते, आणि चलन, विमा, परमिट हे सारे कागदच आहेत!

शिकाऊ लायसन्स आधारवरून घरबसल्या निघते. ते सहा महिने चालते. तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. त्यासाठी धुळ्याच्या एम.एच. 18 कार्यालयात स्वतः जावे. अर्ज करताना दुचाकी आणि एलएमव्ही हे दोन्ही वर्ग एकाच वेळी मागा, म्हणजे दुसऱ्यांदा धुळ्याची फेरी पडणार नाही.