पेगचा आवाज आणि करारातली एक ओळ

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)

पोटगी, घरकामगार, रेशन अशा विषयांच्या रांगेत आज कुत्र्यांचं कार्टून कुठून आलं, असं तुम्हाला वाटत असेल. पण 'लेडी अँड द ट्रॅम्प' हा डिस्नेचा १९५५ सालचा चित्रपट बायकांच्या श्रमांची गोष्ट म्हणूनही पाहता येतो. पडद्यावरची गोष्ट एक आणि पडद्यामागची दुसरी. मला दोन्हींबद्दल बोलायचं आहे.

आधी पडद्यावरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अमेरिकेतलं एक गाव. एका सुखवस्तू जोडप्याच्या घरात लेडी नावाची कुत्री लाडात वाढते. मालकाला बायको 'जिम डिअर' म्हणते आणि तो तिला 'डार्लिंग'. कुत्रीला ऐकू येतात तीच त्यांची नावं. यातली गंमत बघा. पुरुषाला निदान 'जिम' हे नाव उरतं, बाईला नुसतं 'डार्लिंग'. अख्ख्या चित्रपटात घरधनिणीचं नाव आपल्याला कळत नाही.

घरात बाळ येतं. नवराबायको गावाला जातात आणि घर सांभाळायला सेरा मावशी आपल्या दोन मांजरी घेऊन येते. नासधूस मांजरी करतात, आळ लेडीवर येतो. तिच्या तोंडाला मुसकं बांधतात. ती पळून जाते. ट्रॅम्प नावाचा भटका कुत्रा तिला सोडवतो, दोघं एक रात्र बाहेर काढतात. सकाळी कोंबड्यांमागे धावण्याची कल्पना ट्रॅम्पची, पण पकडली जाते लेडी. कोंडवाड्यातून घरी आल्यावर साखळीही तिच्याच गळ्यात. मग जॉक आणि ट्रस्टी हे शेजारचे दोन वयस्कर कुत्रे येतात आणि तिची अब्रू राखण्यासाठी मोठ्या भलेपणाने लग्नाची तयारी दाखवतात! 'झालं गेलं विसरा, कुणीतरी पदरात घ्या', ही तडजोड आपल्याला काही परकी नाही. समुपदेशन केंद्रात ती मी कितीदा ऐकली आहे.

कोंडवाड्यात लेडीला पेग भेटते. पेग एकेकाळी तमाशगिरांच्या ताफ्यात काम केलेली, आता बेवारस. लेडीच्या गळ्यात परवान्याचा बिल्ला आहे, म्हणून तिचे मालक तिला सोडवून नेणार. ज्यांच्या गळ्यात बिल्ला नाही त्यांच्यासाठी एक दार आहे, त्यातून आत गेलेला परत येत नाही. नट्सी नावाच्या कुत्र्याला तिकडे नेताना आपण पाहतो. मुलांच्या चित्रपटात हे दाखवलं आहे, हे विशेष. बाईची सुरक्षितता तिच्या कुणाच्या तरी 'असण्यावर' ठरते, हे यापेक्षा सोपं करून कसं सांगणार?

आता पडद्यामागे जाऊ. पेगचा आवाज पेगी ली या नामवंत गायिकेचा. 'डार्लिंग'चा आवाजही त्यांचाच आणि त्या दोन सयामी मांजरींचाही. म्हणजे चार भूमिका. शिवाय सनी बर्क यांच्याबरोबर चित्रपटातली गाणी त्यांनी लिहिली. या कुत्रीचं नाव आधी 'मेमी' ठेवलं होतं. पण राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नीचंही नाव तेच, म्हणून ते बदलून लींच्या नावावरून 'पेग' केलं. ट्रस्टी गाडीखाली सापडून मरतो असं आधी ठरलं होतं. त्याला जगवा, असा आग्रह आपण वॉल्ट डिस्नेंकडे धरला, असं ली सांगत. चित्रपटात ट्रस्टी जगतो.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. त्या सयामी मांजरींचं गाणं आशियाई लोकांच्या बोलण्याची आणि दिसण्याची टवाळी करतं. २०१९ साली हा चित्रपट नव्याने काढला तेव्हा ते गाणं वगळून दुसरं घातलं गेलं. बाईने लिहिलं, बाईने गायलं, म्हणून टवाळीची टवाळी राहत नाही असं नाही.

या सगळ्या कामाचे लींना मिळाले साडेतीन हजार डॉलर. पण १९५२ सालच्या त्यांच्या करारात एक ओळ होती. लोकांना विकण्यासाठी ध्वनिमुद्रिका किंवा 'ट्रान्स्क्रिप्शन' काढायचं असेल तर लींची संमती लागेल, अशी. १९८७ साली चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट बाजारात आली आणि लाखांनी खपली. लींना कुणी विचारलं नाही. १९८८ साली त्यांनी कंपनीवर दावा लावला. करार झाला तेव्हा व्हिडिओ कॅसेट होतीच कुठे, असा प्रश्न निघणारच. कोर्टाचं म्हणणं पडलं की कॅसेट हेही 'ट्रान्स्क्रिप्शन'च. १९९१ साली ज्यूरीने अडतीस लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली, न्यायाधीशांनी ती सुमारे तेवीस लाखांवर आणली. ली तेव्हा सत्तर वर्षांच्या होत्या. 'स्लीपिंग ब्यूटी'तल्या राजकन्येचा आवाज देणाऱ्या मेरी कॉस्टा यांनीही १९८९ साली असाच दावा लावला होता.

पण मैत्रिणींनो, ली प्रसिद्ध होत्या. वकील देण्याची त्यांची ऐपत होती. ज्यांच्या करारात अशी ओळच नव्हती, त्यांचं काय?

त्या काळी असा चित्रपट कसा बनायचा ते पाहा. चित्रकार कागदावर पेन्सिलीने चित्रं काढत. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात, म्हणजे चित्रांचे नुसते ढीग. प्रत्येक चित्र पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने गिरवायचं, मग ते उलटं करून मागून रंग भरायचे. डाग पडू नये म्हणून हातात सुती मोजे. रेघ केसभर हलली तरी पडद्यावर थरथर दिसणार. हे गिरवण्या-रंगवण्याचं काम जवळजवळ सर्वस्वी बायकांचं. १९३८ साली या कंपनीने काम मागणाऱ्या एका तरुणीला लेखी कळवलं होतं की चित्रपटाच्या निर्मितीतलं सर्जनशील काम स्त्रिया करत नाहीत, ते पूर्णपणे तरुण पुरुष करतात. पडद्यावर चित्रकार म्हणून पहिल्या स्त्रीचं, रेटा स्कॉट यांचं, नाव यायला १९४२ सालचा 'बॅम्बी' यावा लागला. गिरवणाऱ्या-रंगवणाऱ्या बायकांची नावं 'लेडी अँड द ट्रॅम्प'च्या श्रेयनामावलीतही नाहीत. आपण पडद्यावर पाहतो ती लेडीची प्रत्येक रेघ त्यांच्या हातची आहे.

पुढे १९६१ साली कुत्र्यांचाच दुसरा चित्रपट आला, 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'. नव्याण्णव पिल्लं आणि त्यांच्या अंगावरचे ठिपके हाताने गिरवणं परवडणारं नव्हतं. झेरॉक्सच्या यंत्राने चित्रं थेट सेल्युलॉइडवर उमटवली गेली. यंत्राचं कौतुक झालं. वर्षानुवर्षं हात बसवलेल्या गिरवणाऱ्या बायकांची मात्र गरज उरली नाही.

आपल्या वस्त्यांमधे बिंदी चिकटवणाऱ्या, काजं-बटणं करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बायका आहेत. त्यांचं काम 'हातभार' म्हणून मोजलं जातं, मालाच्या पुड्यावर नाव दुसऱ्याचं. त्यांच्यातली एकही पेगी ली नाही, आणि व्हायचीही गरज नाही. त्यांना हवी आहे कागदावरची ओळ. काय काम, किती नगांचं, काय दराने, आणि यंत्र आलं तर पुढे काय. लींना न्याय मिळाला तो गळ्याच्या गोडव्यामुळे नाही. छत्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ती ओळ करारात घातली होती आणि त्यांनी तो कागद जपून ठेवला होता, म्हणून मिळाला.

तेव्हा वस्तीत परतल्यावर पहिल्या बैठकीत एवढंच करू. प्रत्येकीला विचारू, तुझं काम कुठे लिहिलेलं आहे? नसेल, तर लिहून घ्यायला तिच्याबरोबर कोण कोण जाणार, ते तिथेच ठरवू.