उभ्या गाईची पोटाची शस्त्रक्रिया

गाईच्या पोटातील तार, प्लॅस्टिक काढायचे म्हटले की “उभ्या जनावराचे पोट कसे फाडणार?” या भीतीने आपण उशीर करता. पूर्ण बेशुद्ध करून आडवे पाडल्यास पोट फुगते, पोटातले पाणी-चारा श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टर कण्यातून डाव्या भकाळीकडे येणाऱ्या नसांजवळ लिग्नोकेन टोचतात. भकाळी बधिर होते. सुई टोचून खात्री केल्यावरच चिरा देतात. गाय उभीच असते.

साधारण तास-दीड तासाने भूल उतरते, वेदना जाणवू लागते. गाय दात खाते, चारा टाकते. डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक वेळेवर द्या. डायक्लोफिनॅक मात्र नको. गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली.