जुना नकाशा आणि आपले गाव

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात सालवड येथे दिलेले भाषण)



गाव सुटलेल्या माणसापुढे गावाचा जुना नकाशा ठेवला, की तो प्रथम आपले घर शोधतो. घर त्यात सापडत नाही. सापडतात ते सर्व्हे नंबर, शिवेच्या खुणा, ओढा, पायवाट आणि गावठाण. मग बोट त्या रेषांवरून फिरू लागते आणि कागदावर नसलेले सारे तोंडून बाहेर येते. इथे विहीर होती, इथे चिंच होती, इथून आम्ही शाळेला जात होतो.

हा अनुभव आपल्या परिसराला नवा नाही. तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि २००५ व २००६ मध्ये त्यांची वीजनिर्मिती सुरू झाली. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. वीज देशाला हवी होती, हे खरेच आहे. पण त्या गावांत वाढलेल्या माणसाला आपले बालपण दाखवायला आता जागा उरली नाही, हेही तितकेच खरे आहे. त्याच्यापाशी उरतो तो नकाशा.

मी बँकेत कारकून आहे. सात-बाराचे उतारे माझ्या हाताखालून नेहमी जातात. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप इंग्रजी अमदानीतील मोजणीच्या साखळीतून आले. ती मोजणी शेतसारा ठरविण्यासाठी होती. म्हणून नकाशात जमीन दिसते, तिच्यावर राबणारा दिसत नाही. खातेदाराचे नाव उताऱ्यात असते. मजुराचे, मासळी विकणाऱ्या बाईचे नाव कुठेच नसते. जमीन संपादन होण्याची वेळ येते तेव्हा हा फरक फार महाग पडतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याचा विचार मुख्यतः जमिनीतील हितसंबंधाचा होता. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने मात्र त्या जमिनीवर किमान तीन वर्षे पोट भरणाऱ्या शेतमजुराला, कुळाला व कारागिरालाही बाधित कुटुंब मानले. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला शंभरांहून अधिक वर्षे लागली!

बंधू-भगिनींनो, आपल्या समाजाला तर हा नकाशा आणखी काही सांगतो. शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष घेत. गावाची हद्द त्याला तोंडपाठ होती, पण त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर! ज्याने शीव राखली, त्यालाच शिवेवर ठेवले. ज्या वतनाने त्याला असे बांधून ठेवले होते, त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. ती कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले, त्यामागे हाच अनुभव होता. वस्त्यांना दिलेली जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला तो २०२० साली.

मग आपण गावाची आठवण काढू नये काय? माझ्या मते अवश्य काढावी, पण संपूर्ण काढावी. चिंचेची सावली आठवावी आणि कोणत्या विहिरीवर आपल्या आजीला पाणी भरू दिले जात नव्हते, तेही आठवावे. भगवान बुद्धांनी सर्व काही अनित्य आहे असे सांगितले. याचा अर्थ सर्व विसरून जा, असा नाही. वस्तू आहे तशी पाहा, असा त्याचा अर्थ आहे. आठवणीलाही हाच नियम लावला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांना माझी एक विनंती आहे. आपल्या मूळ गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवा. तो घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे पसरा, आजीपुढे तर नक्कीच. ती दाखवील ती विहीर, ती वाट, ती बंद वाट, सारे पेन्सिलीने त्यावर लिहा. शेजारी सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. सरकारी नकाशाने जी माणसे गाळली, ती त्यांच्या नातवंडांनी भरावीत. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. कागद दप्तरात टिकतो, सांगणारी माणसे टिकत नाहीत.

जयभीम! नमो बुद्धाय!