विसरलेले जाळे

वाचकहो, नाशिक रोड म्हटले की डोळ्यांपुढे काय काय उभे राहते? रेल्वेचे स्टेशन, नोटांचा छापखाना, पुण्याकडे जाणारा गजबजलेला रस्ता. समुद्र इथून पुष्कळ दूर, कसारा घाट उतरल्याखेरीज त्याची हवासुद्धा लागत नाही. तेव्हा "मासेमारी आणि पाण्यावरचे पक्षी" हा विषय नाशिक रोडच्या माणसापुढे मांडायचा म्हणजे जरा आगंतुकपणाच, असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही.

पण थोडे थांबा. दसक-पंचकच्या काठाने गंगा वाहते. गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात, ते तुम्हांला सांगायला नको. चेहेडीच्या पुलाखालून दारणा वाहते. ही दोन्ही पाणी पुढे निफाड तालुक्यात एक होतात आणि तिथून खाली, कादवा जिथे गोदावरीला मिळते, तिथे नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापाशी अडतात. इंग्रजी अमदानीत कालव्यांसाठी बांधलेल्या या दगडी बंधाऱ्याने शंभरी ओलांडली आहे. इतक्या वर्षांत त्याच्यामागे गाळ साठला, गाळाची बेटे झाली, उथळ पाणथळी झाल्या, त्यांत लव्हाळे आणि पाणकणीस माजले. कालवेवाल्यांच्या दृष्टीने गाळ म्हणजे नुकसान. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ते आयते घर झाले. १९८६ साली इथे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२० साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून या ठिकाणाचे नाव जाहीर झाले. महाराष्ट्रात हा मान सर्वांत आधी याच जागेला मिळाला. नाशकापासून अंतर किती, तर सुमारे ४० किलोमीटर! म्हणजे आपल्या दारावरून गेलेले पाणीच पुढे या पक्ष्यांच्या पायांखाली जाते.

हिवाळा लागला की इथे पाहुण्यांची रीघ लागते. थापट्या येतो, तलवार बदक येते, लालसरी येते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा लावलेला एक पक्षी तर शेकड्यांनी पाण्यावर डुलत असतो. आपल्या लोकांनी त्याचे नाव ठेवले आहे वारकरी. किती अचूक नाव पाहा! कपाळीचा टिळाही आला आणि थव्याने चालणेही आले. शिवाय घरचे म्हणून जे पक्षी आहेत ते वेगळेच : पाणकावळा, सापासारखी मान काढून पोहणारा सर्पपक्षी, इवलीशी टिबुकली, आणि पाण्यावर घिरट्या घालून एकदम सूर मारणारा नदी सुरय.

आता याच पाण्यावर माणसांचीही पोटे आहेत. गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठी भोई, कोळी, भिल्ल समाजातली कितीतरी कुटुंबे मासे धरून गुजराण करतात. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कशालाही हात लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे. पण नदी काही हद्दीपुरती नसते. हद्दीच्या वर आणि खाली मासेमारी चालते. तिच्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. एक होडके, दोन जाळी आणि घरातली चार माणसे, एवढ्यावर चालणारा हा धंदा. बगळा जसा मासे खातो तसा हा माणूस मासे विकून भाकरी खातो. या माणसाला पक्ष्यांचा वैरी ठरवणे अन्यायाचे होईल.

मग तक्रार आहे तरी कशाबद्दल? तक्रार जाळ्याबद्दल आहे. त्यातही नेमके सांगायचे तर विसरलेल्या जाळ्याबद्दल.

पूर्वी जाळे सुताचे किंवा तागाचे असे. ते पाण्यात टाकले की जाडजूड दिसे. पाण्यातून काढल्यावर ते झटकावे लागे, वाळवावे लागे, फाटले की सांधावे लागे. न वाळवता ठेवले तर चार दिवसांत कुजू लागे. थोडक्यात, सुताच्या जाळ्याला रोज माणसाचा हात लागत असे. आणि समजा एखादे जाळे पुरात वाहून गेलेच, तर काही महिन्यांत त्याची माती होई.

नंतर नायलॉन आले. १९५२ साली भारत आणि नॉर्वे यांच्यात करार होऊन केरळच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या सुधारणेचे मोठे काम सुरू झाले. यंत्राच्या होड्या आणि नायलॉनची जाळी यांचा प्रसार होण्यास त्याचा मोठा हातभार लागला. पुढे हे धागे नद्यांवर आणि धरणांवरही पोहोचले. आज सर्रास वापरतात ते तंगुसाचे जाळे. केसासारखे बारीक, काचेसारखे आरपार, हलके आणि स्वस्त. कोळ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय झाली, हे मान्य केले पाहिजे. ओझे कमी झाले, मासा जास्त लागू लागला, वाळवण्याची कटकट गेली.

पण त्या कटकटीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. जाळ्याकडे रोज जाण्याची सक्ती गेली. तंगुसाचे जाळे संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी काढले तरी बिघडत नाही. फाटले तर सांधण्यापेक्षा नवे आणणे परवडते. आणि फाटलेले जाते कुठे? काठावर, नाहीतर पाण्यातच.

आता हे जाळे पक्ष्याला कसे मारते ते पाहू. जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. त्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार असा ठेवलेला असतो की माशाचे डोके आत जावे आणि अंग अडकावे. मासा मागे सरू लागला की दोरा कल्ल्यांत रुततो. टिबुकली किंवा पाणकावळा पाण्याखाली माशाचा पाठलाग करतो, तेव्हा त्याची नजर माशावर असते. धागा त्याला दिसत नाही. मान किंवा पंख आसात शिरतो, पाखरू झटका देते आणि प्रत्येक झटक्यागणिक आणखी गुरफटते. त्याच्या छातीत श्वास किती, तर थोड्या वेळापुरता! वारकरी मासे धरायला जात नाही, तो पाणवनस्पती खायला बुडी मारतो. पण जाळ्याला त्याचे काय? जाळे काही विचारून धरत नाही.

येवल्याच्या आणि नाशिकच्या लोकांना ही गोष्ट समजायला वेळ लागू नये. संक्रांतीच्या पतंगांत नायलॉनच्या मांजाने काय अनर्थ होतो ते आपण दरवर्षी पाहतो, वाचतो. त्या मांजावर बंदी आली ती याच गुणामुळे : दिसत नाही, तुटत नाही, कुजत नाही. आभाळातला धोका आपल्या ध्यानात आला, कारण तो डोक्यावर होता. पाण्यातला धोका तोच आहे, फक्त तो पाण्याखाली आहे.

धरणाच्या पाण्याचाही यात हात आहे. गंगापूर, दारणा या धरणांतून आवर्तन सुटले की पाणी चढते, पावसाळ्यात पूर येतो, वरून जलपर्णीचे तांडे वाहत येतात. लावलेली जाळी त्यांच्या रेट्याने उखडतात आणि कुठे बाभळीच्या फांद्यांना, कुठे लव्हाळ्याला गुंडाळून बसतात. पाणी उतरले की हे चिंधोटे फांदीवर लोंबत राहते. मालक म्हणतो, गेले वाहून. पण मालकाने सोडले म्हणून जाळ्याने काम सोडलेले नसते. त्यात मासा अडकतो, त्या माशाच्या आशेने बगळा येतो, बगळा अडकतो. कुणाच्या ताटात काही पडत नाही, आणि मरण मात्र चालूच राहते.

समुद्रावर हीच कथा मोठ्या आकड्यांत घडते. जगभरातल्या नोंदी गोळा करून शास्त्रज्ञांनी २०१३ साली एक अंदाज प्रसिद्ध केला. अशा उभ्या जाळ्यांत दरवर्षी निदान ४ लाख पक्षी मरतात, असे त्यांत निघाले. या जाळ्यांतली पुष्कळशी मोठ्या बोटींची नाहीत, ती छोट्या होडीवाल्यांचीच आहेत. एकेका होडीला वर्षाकाठी पाच-दहा पक्षी लागले तर कुणाला विशेष वाटत नाही. पण होड्या लाखो आहेत. लहान धंद्याचा परिणाम लहानच असतो, असे समजण्यात आपली गफलत होते ती इथे.

यावर काही उपाय आहे की नाही? आहे, आणि तो मच्छीमारांच्याच हातून झाला आहे. आफ्रिकेतल्या नामिबिया देशात गळांच्या लांबच लांब दोऱ्यांना लागून अल्बट्रॉससारखे समुद्रपक्षी मरत. तिथे २०१५ साली नियम झाला की बोटीच्या मागे रंगीत फिती लोंबणारी दोरी सोडायची, म्हणजे पक्षी गळाजवळ फिरकत नाहीत. या दोऱ्या तिथल्या वॉल्व्हिस बे बंदरातल्या बायांच्या एका गटाने बनवून दिल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या एका मोठ्या मासेमारीतले पक्ष्यांचे मरण ९८ टक्क्यांनी घटलेले आढळले. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात छोट्या होडीवाल्यांनी आपल्या जाळ्यांना हिरवे दिवे बांधून पाहिले. जाळे दिसू लागले आणि तिथल्या पाणकावळ्यांचे अडकणे सुमारे ८५ टक्क्यांनी कमी झाले. मासळी मात्र घटली नाही. हाच दिव्यांचा उपाय युरोपात बाल्टिक समुद्रातल्या बदकांवर करून पाहिला, तेव्हा त्याचा गुण आला नाही. म्हणजे एकच औषध सगळीकडे लागू पडते असे नाही. जसे पाणी, जसा पक्षी, तसा उपाय शोधावा लागतो.

आपल्या नद्यांवर दिवे बांधत बसण्याची गरज नाही. इथला उपाय त्याहून साधा आहे. जाळ्याला पुन्हा माणसाचा हात लागला पाहिजे, एवढेच. पाणकावळा, टिबुकली, सुरय हे दिवसाउजेडी मासे धरणारे पक्षी आहेत. जाळे अंधार पडल्यावर लावले आणि फटफटायच्या आत काढले, तर यांचे पुष्कळसे मरण टळेल. बदके रात्रीही चरतात. म्हणून लव्हाळ्याच्या आणि पाणकणसाच्या कडेला, जिथे ती उतरतात, तिथे जाळे लावूच नये. जाळ्याच्या तरंडाला आपली खूण बांधावी, म्हणजे वाहून गेलेले जाळे ज्याचे त्याला ओळखता येते. आणि फाटलेला तुकडा काठावर न टाकता घरी आणावा. यांत कोळ्याचे नुकसान कोणते? उलट पक्षी अडकला की जाळे फाटते, ते नुकसान त्याचेच असते.

दुसरी एक गोष्ट आसाची. अतिबारीक आसाच्या जाळ्यांनी, कुठे कुठे तर चक्क मच्छरदाणीच्या कापडाने, माशांची पिल्ले उपसली जातात. याने पक्ष्याचा घास जातो आणि कोळ्याचे पुढच्या सालचे उत्पन्नही जाते. आपल्या शेजारच्या देवळालीचे नाव इंग्रजीत एका इवल्याशा माशाला मिळाले आहे. १९३८ साली होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. आज तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असलेल्या माशांत गणला जातो, आणि नांदूरमध्यमेश्वरचे पाणी हा त्याचा एक आसरा मानला जातो. ज्या गावाचे नाव त्या माशाने जगभर नेले, त्या गावाने त्याला ओळखू नये, हे काही बरे नाही.

आणि आपण शहरातली माणसे? आपण जाळे लावत नाही म्हणून सुटलो, असे नाही. पुलावर गळ टाकून बसणारे हौशी लोक आपल्यातलेच असतात. गळ कपारीत अडकला की दोरा कापून तसाच सोडायचा, ही त्यांची रीत. तो दोरा गुंडाळून खिशात घातला तर खिसा फाटत नाही! पक्षी पाहायला चापडगावच्या मनोऱ्यांवर जाल तेव्हा काठावर पडलेले तंगूस दिसले तर उचलून आणा. एखादे पाखरू जाळ्यात तडफडताना दिसले तर जाळे ओढू नका, ओढल्याने दोरा आणखी रुततो. पाखराच्या डोक्यावर फडके टाका, अंधार झाला की ते शांत होते. मग कात्रीने दोरा एकेक कापा. बगळा असेल तर त्याच्या चोचीपासून आपले डोळे सांभाळा. जखम दिसली तर स्वतः वैद्यकी न करता वनखात्याच्या माणसांना कळवा.

पक्षी जगला तर कोळ्याला काय मिळते, असा प्रश्न कुणी व्यवहारी माणूस विचारील. त्याचे उत्तर भीमेवर उजनीच्या पाण्यात आहे. भिगवणच्या आसपासचे मच्छीमार हिवाळ्यात आपल्याच होडीत माणसे बसवून रोहित पक्ष्यांचे थवे दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. नांदूरमध्यमेश्वरलाही गावातली तरुण मुले पाहुण्यांना पक्षी दाखवतात. त्या मुलांना पक्ष्यांची नावे सांगता येतात, त्यांच्या बसण्याच्या जागा दाखवता येतात. ज्याच्या बापाने पाणी वाचले, त्यालाच पक्षीही वाचता येतो.

नदी मासा देते, तो माणसानेही घ्यावा आणि पाखरानेही घ्यावा. इतकी वर्षे दोघांचे भागत आले, कारण दोघेही आपला घास घेऊन निघून जात. तंगुसाचे जाळे तेवढे जागचे हलत नाही. ते लावणाऱ्याने लक्षात ठेवून काढले, तर या पाण्यावर सर्वांना पुरेल इतके आहे.