कच्छच्या रणात काय पाहावे?



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावर येऊन प्रवासाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण पगारी सुटी ही कामगारांनी भांडून मिळवलेली चीज आहे. ती कोठे घालवावी हे सांगण्याचा थोडा अधिकार आम्हांसही आहे. आम्हांस कोणी विचारले, तर आम्ही कच्छचे नाव घेतो. 1956 पासून 1960 पर्यंत कच्छ आपल्याच द्विभाषिक मुंबई राज्यात होता, हे आज फार थोड्यांच्या ध्यानी असते.

रण म्हटले की वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढे येतात. कच्छच्या रणात तसे काही दिसत नाही. एके काळी येथे समुद्राचा उथळ फाटा होता. नद्यांचा गाळ साचत गेला, भूकंपांनी जमीन वरखाली झाली आणि समुद्र मागे हटला. पावसाळ्यात या सपाटीवर पाणी पसरते. ते आटले की मिठाचा पांढरा थर उरतो. जमीन येथे अजून स्वस्थ बसलेली नाही. 1819 सालच्या भूकंपात सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला आणि त्याच्या उत्तरेस मैलोगणती लांबीचा मातीचा उंचवटा वर आला. तो माणसाने बांधलेला नव्हे, म्हणून लोकांनी त्याला 'अल्लाबंद' म्हटले. 2001 सालचा भूकंप तर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल.

हा सगळा विस्तार एका नजरेत पाहावयाचा तर काळ्या डुंगरावर जावे. उंची सुमारे 460 मीटर. वर दत्ताचे देऊळ आहे, आणि तेथे कोल्ह्यांना प्रसाद घालण्याची रीत आहे. दत्तभक्त मराठी माणसाला या ठिकाणी परके वाटण्याचे कारण नाही. मोठ्या रणात रोहित पक्षी हजारोंनी येऊन चिखलाची घरटी करतात. पण ती जागा फार दुर्गम, तेव्हा त्यांना पाहण्यासाठी आपली ठाण्याची खाडी पुरे.

धोलावीरेला मात्र गेलेच पाहिजे. मोठ्या रणात खडीर नावाचे बेट आहे, त्यावर हे गाव. सिंधू संस्कृतीच्या या नगराचा ठावठिकाणा जगत्पती जोशी यांनी 1960 नंतरच्या दशकात लावला. मोठे उत्खनन रवींद्रसिंह बिश्त यांच्या देखरेखीखाली 1990 पासून झाले आणि 2021 साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचे नाव लागले. पाहुणे बहुधा बालेकिल्ला पाहतात, चकचकीत घासलेले दगडी खांब पाहतात आणि मोटारीत बसतात. आमचे सांगणे असे, की आधी तलाव पाहा. नगराच्या दोन बाजूंनी मनसर आणि मनहर हे दोन ओढे वाहतात. वाहतात म्हणजे पावसाळ्यापुरते, एरवी कोरडे. धोलावीरेच्या लोकांनी या ओढ्यांवर बंधारे घातले, पुराचे पाणी वळवले आणि जमिनीच्या उताराचा फायदा घेऊन ते एका तलावातून दुसऱ्यात उतरवले. पूर्वेकडील तलाव सुमारे 73 मीटर लांब आणि 29 मीटर रुंद आहे. त्याच्या पायऱ्या उतरून खाली उभे राहावे, म्हणजे काम केवढे होते ते कळते. काही तलावांचा तळ तर सरळ खडकात कोरलेला आहे. तेव्हा लोखंड माणसाच्या हाती आलेले नव्हते. तांब्याची आणि दगडाची हत्यारे घेऊन, असल्या उन्हात, कोणी तरी हा खडक फोडला.

बालेकिल्ल्याच्या उत्तर दरवाजाशी दहा मोठ्या अक्षरांचा एक फलक सापडला. लाकूड कुजून गेले, जिप्समच्या तुकड्यांची अक्षरे राहिली. ती अजून कोणाला वाचता आलेली नाहीत. उद्या वाचता आली, तरी त्यांत तलाव खोदणाऱ्यांची नावे निघतील अशी आमची अपेक्षा नाही.

पण तशाच उन्हात खपणारी माणसे पाहावयाची असतील, तर छोट्या रणात जावे. खाराघोडा, पाटडी या बाजूंनी आत गेले की मिठाचे वाफे लागतात. मीठ पिकवणारे ते अगरिया. आपल्या उरण-पेणकडचे आगरी आणि हे अगरिया, दोन्ही नावांत आगर आहेच. फरक इतकाच, की आपल्याकडे भरतीचे पाणी खाजणात घेतात, आणि येथे जमिनीखालचे खारे पाणी उपसावे लागते. पावसाळा सरला की अगरिया बायकामुलांसह रणात येतो, विहीर खणतो, पाय तुडवून वाफे घट्ट करतो आणि पुढे महिनोन् महिने लाकडी दाताळे ओढीत राहतो, तेव्हा कोठे मिठाचा मोठा खडा धरतो. या मिठाने पावले इतकी निबर होतात, की चितेतही ती जळत नाहीत, असे तेथे सांगतात. हंगामाच्या आरंभी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि अखेरीस ती फेडता फेडता हात रिकामे, हा हिशेब ऊसतोडणीचे मुकादम पाहिलेल्या आपल्या लोकांना उलगडून सांगावयास नको. अलीकडे डिझेलच्या पंपांच्या जागी सूर्यशक्तीवर चालणारे पंप आले, तेवढाच खर्च हलका झाला. देशातल्या मिठाचा तीनचतुर्थांशाच्या आसपासचा हिस्सा गुजरातेतून येतो. आज रात्री आपल्या ताटात वाढले जाणारे मीठ तिकडलेच असण्याचा संभव मोठा.

हेच छोटे रण 1973 सालापासून रानगाढवांचे अभयारण्य आहे. तेथे त्याला घुडखर म्हणतात. मोठे देखणे आणि चपळ जनावर. त्याला गाढव म्हणावयास जीभ रेटत नाही. रोगराईने 1969 साली त्यांची संख्या 362 वर आली होती. 2024 सालच्या गणनेत ती 7,672 भरली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु अभयारण्यात कोणाचे काय हक्क आहेत, याची नोंद 1997 साली सुरू झाली, तेव्हा पुष्कळ अगरियांना त्याचा पत्ताच नव्हता. आणि यादीत नाव नाही म्हणून 2023 साली अशांना रणात जाण्यास मज्जाव होऊ लागला. पिढ्यान् पिढ्या मीठ पिकवणाऱ्यापाशी सातबारा कोठून असणार? मालमोटारींचा आणि सांडलेल्या तेलाचा जनावरांना काहीच उपद्रव नाही, असे आम्ही म्हणत नाही. तो अवश्य आवरावा. पण घुडखर तीनशेंचे साडेसात हजार झाले ते अगरिया रणात असतानाच झाले, हा हिशेब कोणत्याही कचेरीला नाकारता येणार नाही.

जाणारांनी फेब्रुवारी-मार्च साधावा. तेव्हा मीठ काढणीला येऊ लागलेले असते आणि ऊन अजून सोसवते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. खावडा ते धोलावीरा असा रणातून जाणारा रस्ता आता झाला आहे, त्यामुळे भुजकडून येणाऱ्यांचा मोठा वळसा वाचतो. छोट्या रणात शिरताना पिण्याचे पाणी मात्र पुरेसे बरोबर घ्यावे. अगरियाच्या झोपडीवर गेलात तर तो चहा केल्यावाचून सोडणार नाही. पण ते पाणी टँकरने आलेले असते, आणि पुढचा टँकर येईपर्यंत त्याला तेच पुरवायचे असते.