हृदयरोग आणि आकस्मिक हृदयस्तंभ

गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा सुपारी, तंबाखू व चुन्याचा खर्रा केवळ मुखाच्या कर्करोगासच कारणीभूत होतो, हा समज अपुरा आहे. कारण त्यातील निकोटिन नाडीची गती व रक्तदाब वाढविते, आणि उच्च रक्तदाब, मधुमेह व धूम्रपान यांनी आधीच अरुंद झालेल्या हृदयाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी झाली, की हृदयाची विद्युत्-लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांस हे भय विशेष. त्यांनी तरी खर्रा तत्काळ सोडावा, ही माझी कळकळीची विनंती. कोणी कोसळला, हाकेला ओ देईना व श्वासही नीट घेईना, तर हयगय न करता १०८ क्रमांकावर वर्दी द्यावी आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे.